टेक्ससमध्ये काऊंटी कमिशनर झालात, आता वर्गणी आणि वेळ कुठल्या संघटनेला द्यायचा?

दरवर्षी उन्हाळ्यात बजेटच्या बैठका सुरू झाल्या की ‘मेंबरशिप ड्यूज’ म्हणजे काऊंट्यांच्या संघटनांची वर्गणी अशी एक ओळ समोर येते आणि नवीन निवडून आलेला कमिशनर हमखास विचारतो, हे पैसे भरून आपल्याला मिळतं काय? प्रश्न अगदी रास्त आहे कारण पैसा लोकांच्या प्रॉपर्टी टॅक्सचा आहे. मी टेक्ससमधल्या एका काऊंटीच्या बजेट ऑफिसात काम करते, हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं. इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी कोणी निवडणुकीला उभं राहायचा विचार करत असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

आधी थोडं समजून घ्या. काऊंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण आपल्याकडे कलेक्टर आणि झेडपीचा सीईओ सरकार पाठवतं, इथे शेरीफ (काऊंटीच्या पोलिसांचा आणि जेलचा प्रमुख), क्लार्क, ट्रेझरर, टॅक्स असेसर सगळे मतं मागून निवडून येतात. काऊंटी जज नावाने जज असला तरी चार कमिशनरांसोबत बसून कारभार बघणं हे त्याचं मोठं काम, आणि त्या पाच जणांच्या बोर्डाला कमिशनर्स कोर्ट म्हणतात. आता काल दुकान चालवणारा, शेती करणारा माणूस जानेवारीत शपथ घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर रस्ते, जेल, कोर्टाचा खर्च, सगळं येऊन पडतं, त्याला हाताला धरून शिकवणारं कोणीतरी लागतंच. तिथे या संघटना येतात.

तुमच्यापुढे मुख्य पर्याय तीन. देशपातळीवर नॅशनल असोसिएशन ऑफ काऊंटीज, सगळे ‘नेको’ म्हणतात, १९३५ पासूनची, ऑफिस वॉशिंग्टनला. राज्यात टेक्सस असोसिएशन ऑफ काऊंटीज म्हणजे ‘टॅक’, १९६९ ची, राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला. आणि तिसरी तुमच्या पदाची संघटना: जज-कमिशनरांची वेगळी, क्लार्कांची वेगळी, शेरीफांची तर १८७४ पासूनची.

माझं मत सरळ सांगते, एकालाच वेळ देता येणार असेल तर टॅकला द्या. कारण काऊंटीला अधिकार राज्याचा कायदा देतो, कायद्यात नाही ते काऊंटी करू शकत नाही, म्हणजे तुमचं रोजचं दुखणं ऑस्टिनमध्ये तयार होतं. तिथली विधानसभा दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी, १४० दिवस बसते आणि त्या १४० दिवसांत इतकी बिलं (कायद्याचे मसुदे) येतात की एका काऊंटीच्या स्टाफला वाचूनही होत नाहीत, टॅकची माणसं ती वाचतात, कुठलं बिल तुमच्यावर खर्च टाकतंय ते कळवतात, कमिटीसमोर साक्ष द्यायला कोणी जायचं ते जुळवतात.

दुसरं कारण म्हणजे त्यांची कायदेशीर हेल्पलाइन. एका शुक्रवारी दुपारी आमच्याकडे एक कमिशनर घाईघाईत आले, त्यांच्या भागात एका जमीनमालकाने रस्त्यावर गेट ठोकलं होतं आणि म्हणत होता रस्ता माझा, उलट शेजारी म्हणत होते काऊंटी इथे कित्येक वर्षं ग्रेडर (रस्ता सपाट करायचं मशीन) फिरवतेय. हेल्पलाइनवरच्या वकिलाने शांतपणे सगळं ऐकलं, कायद्यातला कुठला भाग वाचायचा, जुने नकाशे आणि देखभालीच्या नोंदी कशा काढायच्या ते सांगितलं, आणि हेही स्पष्ट सांगितलं की शेवटचं मत तुमच्या काऊंटी अ‍ॅटर्नीचं, म्हणजे काऊंटीच्या वकिलाचं घ्या. सोमवारी कमिशनर हातात कागद घेऊन अ‍ॅटर्नीकडे गेले. छोट्या काऊंटीला असा आधार एरवी कुठे मिळणार?

आता कमतरता. टॅकमध्ये २५४ च्या २५४ काऊंट्या येतात. २०२० च्या जनगणनेत लव्हिंग काऊंटीत ६४ माणसं होती आणि हॅरिसमध्ये ४७ लाख, या दोघांचं म्हणणं प्रत्येक मुद्द्यावर एक कसं असेल? शिवाय शेरीफही टॅकचा आणि शेरीफचं बजेट कापणारं कमिशनर्स कोर्टही टॅकचंच, तिथे संघटना कोणाच्या बाजूने बोलणार! अशा वेळी पदाची संघटना कामाला येते, ती फक्त तुमच्या खुर्चीचं बोलते. मोठ्या शहरी काऊंट्यांनी ‘कॉन्फरन्स’ नावाची त्यांची वेगळी संघटना काढली तीही यातूनच.

आणि संघटना आहे म्हणजे प्रत्येक लढाई जिंकते असं नाही. २०१९ मध्ये प्रॉपर्टी टॅक्सच्या महसुलाची वाढ रोखणारं बिल आलं, काऊंट्यांचा आणि शहरांचा जोरदार विरोध होता, तरी पास झालं, मतदारांना न विचारता वाढवायची मर्यादा ८ वरून ३.५ टक्क्यांवर आली. मूळ बिलात २.५ होती, ती थोडी सैल झाली ती एकट्या संघटनांमुळे असं मी म्हणणार नाही, पण त्या खोलीत आपलं कोणी नसतं तर काय झालं असतं हा विचार करा. त्याच वर्षी करदात्यांच्या पैशातून लॉबिंग करायला बंदी घालणारं बिलही राज्याच्या सिनेटमधून गेलं आणि हाऊसमध्ये पडलं. बंदी मागणाऱ्यांचा मुद्दा मला खोटा वाटत नाही, माझ्याच टॅक्सच्या पैशाने माझ्या टॅक्सकपातीविरुद्ध कोणी बोललं तर राग येणारच, पण अशा बंदीत आधी आवाज जाईल तो लहान काऊंट्यांचा.

नेकोचं गणित वेगळं आहे. कोविडमध्ये केंद्र सरकारच्या २०२० च्या पहिल्या मोठ्या मदत पॅकेजमध्ये थेट पैसा फक्त ५ लाखांवर लोकसंख्या असलेल्या काऊंट्यांना मिळाला, बाकीच्यांनी राज्याकडे बघत बसायचं. नेकोने थेट सगळ्यांना द्या म्हणून रेटा लावला आणि २०२१ च्या कायद्यात देशभरातल्या काऊंट्यांना थेट ६५.१ अब्ज डॉलर मिळाले, लहानातल्या लहान काऊंटीलाही. दुसरी गोष्ट केंद्राच्या जमिनीची, तिच्यावर काऊंटी टॅक्स लावू शकत नाही म्हणून १९७६ च्या कायद्याने भरपाई मिळते आणि ती कमी होऊ नये म्हणून नेको काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या) मागे लागते. नेवाडात जवळजवळ ८० टक्के जमीन केंद्राची, तिथे हा जीव की प्राण. टेक्ससमध्ये फारसं नाही, पण बिग बेंड नॅशनल पार्क ज्या ब्रूस्टर काऊंटीत आहे तिथे आहे. तर तुमच्याकडे केंद्राची जमीन, मोठा फेडरल निधी, असं काही असेल तर नेकोची वर्गणी भरा आणि त्यांच्या धोरण ठरवणाऱ्या १० स्टिअरिंग कमिट्यांपैकी एकीत नाव द्या. नुसतं जुलैच्या अधिवेशनाला जाऊन आलात तर प्रवासखर्च जास्त आणि हाती कमी.

ट्रेनिंगची गोष्ट विसरू नका. कमिशनरला वर्षाला १६ तास, ट्रेझरर आणि क्लार्कला २० तास शिक्षण कायद्यानेच सक्तीचं आहे, ते तास बहुतेक पदाच्या संघटनेच्या परिषदांत आणि टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या व्ही. जी. यंग इन्स्टिट्यूटच्या वर्गांत भरतात. म्हणजे पदाच्या संघटनेशी संबंध येणारच, मग मागे बसून हजेरी लावण्यापेक्षा शेजारच्या काऊंटीवाल्यांचे नंबर घेऊन या, पुढची चार वर्षं तेच फोन कामी येतात.

टॅकच्या नावाने इन्शुरन्सचे पूलही (काऊंट्यांनी मिळून काढलेला विमा) चालतात, मालमत्ता, कामगार भरपाई, स्टाफचा हेल्थ इन्शुरन्स. तो निर्णय वर्गणीत मिसळू नका, बाहेरचेही दर मागवा आणि क्लेम किती दिवसांत निघतो ते दुसऱ्या काऊंटीला विचारा. बजेटमध्येही टॅक, पदाची संघटना, नेको आणि प्रवास अशा चार ओळी वेगळ्या पाडा, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी विचारलं तर कशाचे किती गेले ते तिथल्या तिथे दाखवता येईल.