नागरिकत्वाची फाइल ‘वरून हलवून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका

नागरिकत्वाच्या अर्जाला तत्काळ नाही. पैसे भरून तो लवकर निघत नाही, कुठल्याच खिडकीवर नाही आणि कुठल्याच साहेबाकडे नाही. पासपोर्टला तत्काळ आहे, 2,000 रुपये जादा भरले की रीतसर मिळतो, म्हणून आपल्याला वाटतं इथेही असेल. त्या वाटण्यावरच एका माणसाने माझे 74,940 रुपये काढले. पुण्यात तो आजही कुणाला तरी गाठत असणार, म्हणून हे लिहितोय.

माझी बायको मॉरिशसची. माहेरी मराठी बोलतात, गणपती बसवतात, पण पासपोर्ट तिकडचा. भारतात सात वर्षं पूर्ण झाल्यावर नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 5(1)(सी) खाली, म्हणजे भारतीयाची पत्नी म्हणून, तिने अर्ज केला. आधी ऑनलाइन अर्ज, मग कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे, चौकशी, तिथून राज्याच्या गृह विभागाकडे आणि शेवटी निर्णय दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालयात. तिला राज्यसेवेची परीक्षा द्यायची होती आणि खुल्या प्रवर्गाची 38 ची वयोमर्यादा तोंडावर आली होती. विचारायला जावं तर ‘वर गेलीय’ किंवा ‘वरून आली नाही’. वर म्हणजे कुठे, ते कोणी सांगेना.

अशात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दारातल्या झेरॉक्सच्या दुकानात तो भेटला. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात फायलींचा गठ्ठा, दुकानदार त्याला ‘साहेब’ म्हणत होता. आमच्या कागदावरचा फाइल नंबर त्याने झेरॉक्स निघताना वाचला असणार, हे आज कळतंय. तेव्हा त्याने नंबर, कलम, देश सगळं घडाघडा सांगितलं आणि म्हणाला, ‘वहिनींचं काम पोलीस रिपोर्टवर अडलंय. तातडीच्या यादीत घालतो.’ ज्या कार्यालयात कोणी मान वर करून बोलत नव्हतं, त्याच्या दारात एक माणूस आमची फाइल तोंडपाठ सांगत होता. कोणाचा विश्वास बसला नसता?

फाइल शोधायचे 5,000 रोख. मग तातडी शुल्क 18,500, त्याची शिक्का मारलेली पावती दिली. मग ‘दिल्लीचं’ म्हणून 42,000. ही लाच नव्हती, निदान आम्हाला तशी सांगितली नव्हती. शुल्क म्हणून मागितलं, शुल्क म्हणून भरलं. यूपीआय करताना पडद्यावर कुठल्याशा मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं नाव आलं. मी विचारलं, तर म्हणाला, ‘ट्रेझरीचं खातं बंद आहे, आमच्या व्हेंडरवर टाका.’

आणि मग ते पत्र. अजून माझ्या टेबलावर आहे. वर महाराष्ट्र शासनाची गोल मुद्रा, खाली सही ‘अवर सचिव, गृह मंत्रालय, भारत सरकार’. राज्याच्या मुद्रेखाली केंद्राचा अधिकारी सही करेल का? आणि मजकुरात लिहिलं होतं, कलम 6 अन्वये अर्ज स्वीकारला. आमचा अर्ज 5(1)(सी) चा! बायकोने त्यावर बोट ठेवलं होतं, ‘अहो, हे कलम आपलं नाही.’ त्या क्षणी सगळं थांबायला हवं होतं. रात्री झोपताना तेच बोट डोळ्यांसमोर येतं आणि तळपायाची आग मस्तकात जाते. पण त्याचं उत्तर तयार होतं, ‘टायपिंगची चूक, शुद्धिपत्रक काढू.’ सरकारी कागदांवर शुद्धिपत्रकं रोज निघतात, आपण सगळ्यांनी पाहिलीत. त्या शुद्धिपत्रकाचे घेतले 9,440. म्हणे आठ हजार आणि वर 18 टक्के जीएसटी. त्यानंतर फोन बंद.

आता आपल्या यंत्रणेचं ऐका. चौकीत पहिला प्रश्न, ‘तुम्ही दिलेच कशाला?’ दुसरा, ‘लाच देणाराही आरोपी होतो, माहितीये ना?’ पावती दाखवली तर उलटी धरून पाहिली. सायबरवाले म्हणाले, माणूस समोरासमोर भेटलाय, चौकीत जा. चौकी म्हणाली, पैसे यूपीआयने गेलेत, सायबरला जा. मग हद्दीचा वाद, दुकान या बाजूला की त्या बाजूला. अहो, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय की हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची. हे मी त्यांना सांगायचं? शेवटी ‘तक्रार अर्ज’ घेतला, आवक शिक्का मारला, गुन्हा दाखल केला नाही. बँकेने हात वर केले, पिन तुम्हीच टाकलात म्हणून. आणि ज्या कार्यालयाच्या दारात हे झालं त्यांनी एका वाक्यात कटवलं, ‘तो आमचा माणूस नाही.’ नसेल. मग भिंतीवर एक कागद चिकटवा ना, की नागरिकत्व लवकर मिळण्यासाठी कोणतंही शुल्क नाही! चार ओळींचा कागद लावला असता तर आमचे पैसे वाचले असते. अर्जदाराला फाइल कुठे आहे ते नीट सांगितलं असतं, तर त्या भामट्याकडे विकायला काही उरलंच नसतं.

यूपीआयने पैसे गेले की आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, चौकी नंतर. खातं गोठवायचं तर पहिले काही तासच हातात असतात. रोख तर देऊच नका, माझ्या 5,000 ला काहीच पुरावा नाही.

खरंच घाई असेल तर कारण आणि त्याचे पुरावे जोडून जिल्हाधिकाऱ्यांना आणि गृह मंत्रालयाला साधा अर्ज करा, पोच घ्या. त्याला पैसे लागत नाहीत. ऐकतीलच असं नाही, पण निदान लुबाडणार नाहीत. फाइल नंबर टाकून स्थिती ऑनलाइन दिसते, तो नंबर दुकानात उघडा ठेवू नका. आलेल्या पत्रावरचं कलम आपल्या अर्जाशी ताडून बघा.

माहिती अधिकारात 10 रुपये भरून विचारलं, तेव्हा कळलं की फाइल पोलीस अहवालासाठीच थांबलीय. म्हणजे भामट्याने ठोकलेला अंदाज खरा होता आणि तेवढी एक ओळ मला कार्यालयात तोंडी कोणी सांगितली नव्हती.

आता पोलीस उपायुक्तांना लेखी तक्रार दिलीय, तिथेही गुन्हा नोंदवला नाही तर न्यायालयात जाणार. राज्याची मुद्रा आणि केंद्राची सही असलं पत्र तुमच्याही हाती आलं असेल, तर माझ्या तक्रारीवर विसंबू नका. स्वतःची वेगळी द्या, पावतीच्या मूळ प्रतीसकट.