‘दोन महिन्यांत दहा किलो’: मुलांच्या वजनावर चालणारा धंदा

हा धंदा दुकानासारखा दिसत नाही. एखादी ओळखीची वहिनी असते, शेजारच्या काकू असतात, कधी क्लासचे सरच असतात. गल्लीतल्या एका खोलीत सकाळी सहाला वजन उतरवायचा म्हणून पावडरीचा शेक प्यायला मिळतो. भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो, कोपऱ्यात वजनकाटा, दारावर ‘तपासणी मोफत’. जळगाव असो, धुळे असो की शहादा, पद्धत ठरलेली आहे. खाली सांगितलंय ते कुण्या एका घरचं नाही. घरोघरी सारखीच दिसणारी युक्ती एका मुलावर मांडली आहे.

मुलगा तेरा वर्षांचा, आठवीतला. उंची १५० सेंटिमीटर, वजन ५५ किलो. आई त्याला घेऊन ‘फुकटच आहे, बघू तर’ म्हणून जाते.

तिथे त्याला अनवाणी मशीनवर उभं करतात. पायाखालच्या धातूच्या पट्ट्यांतून अंगात अगदी हलकी वीज जाते आणि तिला किती अडथळा झाला त्यावरून मशीन चरबीचा अंदाज बांधतं. हा नुसता अंदाज असतो आणि तो अंगातल्या पाण्यावर हलतो. तांब्याभर पाणी पिऊन उभं राहा किंवा घामाघूम होऊन या, आकडा बदलतो. त्यातून अशी काही मशीनं १८ वर्षांच्या आतल्यांना ‘बॉडी एज’ (मशीनने काढलेलं शरीराचं वय) असे आकडे देतच नाहीत. मग चालवणारा वयात सरळ १८ टाकतो. चिठ्ठी हातात पडली की सगळ्यात आधी वरचा कोपरा वाचा: वयाच्या रकान्यात १८ आणि मुलगा आठवीत, म्हणजे खालचा एकही आकडा त्याचा नाही. तरी ‘बॉडी एज ३४’ हे शब्द मोठ्याने वाचले जातात, मुलाच्या देखत, खोलीतल्या चार बायांच्या देखत. तिथून पुढे पोरगा मान वर करत नाही. आई घाबरते आणि पाकीट उघडते.

मग येतं ‘टार्गेट’. उंचीतून शंभर वजा, वरून दहा टक्के कमी, म्हणजे ४५ किलो. मोठ्यांसाठीचा हा जुना ढोबळ ठोकताळा वाढत्या पोराला लावणं हीच मुळात लबाडी आहे. मुलांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) वय पाहून आणि मुलगा की मुलगी ते पाहून तक्त्यावर मांडावा लागतो. त्यासाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे ५ ते १८ वर्षांचे २०१५ चे तक्ते आहेत आणि बालरोगतज्ज्ञांकडे ते असतात. आपल्या मुलाचा बीएमआय आज २४.४ येतो, जास्तच आहे. पण हे वय उंची सुटण्याचं. उंची १६० झाली आणि वजन ५५ वरच राहिलं, तर तोच बीएमआय २१.५ होतो. एक किलोही न उतरवता. वाढीच्या वयात पुष्कळदा वजन थोपवून धरणं एवढंच काम असतं. मुलीची पाळी सुरू झाली असेल तर उंची साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढायची राहिलेली असते, म्हणून तिचा हिशेब वेगळा. तोही डॉक्टरांनीच करावा.

पॅकेज तीन महिन्यांचं, पैसे आगाऊ. सकाळी शेक, रात्री शेक, मध्ये एकदाच जेवण. भाकरी बंद, भात बंद, केळी तर अजिबात नाही. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात राहून पोराला केळं बंद करायचं आणि डब्यातली केळ्याच्या चवीची पावडर विकत घ्यायची! एका मध्यम केळ्यात साधारण १०० कॅलरी असतात. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये ३० ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा चमचे तरी. कोल्ड्रिंकबद्दल मात्र तिथे कुणी विचारत नाही.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात आणि इथेच सगळे गळाला लागतात. जेवण एकदम तोडलं की शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरतं. त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ते लघवीवाटे जातं. चरबी तिथेच असते. काट्याची हातचलाखी वेगळीच: पहिलं वजन संध्याकाळी, जेवलेल्या पोटी, गणवेशासकट; दुसरं सकाळी उपाशीपोटी, बनियनवर. एवढ्यानेच किलो-दीड किलो सहज निघतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा थांबतो. तेव्हा दोन गोष्टी होतात. एक, ‘फॅट बर्नर’ कॅप्सूल किंवा ‘डिटॉक्स’ चूर्ण पुढे येतं, बऱ्याचदा बिनलेबलाच्या पुडीत. सिब्युट्रामीन नावाचं भूक मारणारं औषध रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढवतं म्हणून भारतात २०११ मध्ये बंद झालं. तरी वजन उतरवण्याच्या ‘हर्बल’ मालात ते लपवून मिसळलेलं जगभर सापडलेलं आहे. पोराला धडधड होत असेल, झोप उडाली असेल, तोंड कोरडं पडत असेल, तर पुडी त्याच दिवशी बंद करा आणि ती घेऊनच डॉक्टरांकडे जा. दुसरी गोष्ट अधिक वाईट. ‘त्याने चोरून खाल्लं असणार,’ असं आईला सांगितलं जातं. माल कधी चुकत नाही, चूक नेहमी पोराचीच. मग घरात शेवेचा डबा कुलपात जातो आणि दोन जेवणांचा उपाशी मुलगा खरोखरच चोरून खायला लागतो. त्याचा उघड्या अंगाचा ‘आधी’चा फोटो तोवर तीनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून आलेला असतो.

शेवटची पायरी म्हणजे आईलाच ‘कोच’ करणं. तीस-चाळीस हजारांचा माल उचला, खाली चार जणी जोडा, कमिशन घ्या. ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या २०२१ च्या थेट विक्री नियमांनी माणसं जोडून पैसे मिळवण्याच्या साखळी योजनांना मनाई केली आहे.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासा. डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय (सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक असतो, तो त्यांच्याच फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून पाहा. तो बरोबर निघाला तरी त्याचा अर्थ इतकाच की अन्न विकायचा परवाना आहे. वजन उतरतं असं सरकारने म्हटलेलं नाही. दुसरं, १९५४ च्या जादूटोणासदृश उपचारांच्या जाहिरातींवरच्या कायद्यात जे आजार बरे करण्याची जाहिरात करता येत नाही, त्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणजे ‘औषधाने लठ्ठपणा घालवू’ हा फलकच आक्षेपार्ह. तिसरं, पक्कं बिल मागा. ‘सभासद फी’ असं लिहिलेली कच्ची पावती देतात ती यासाठीच, की नंतर मालाबद्दल तक्रार करता येऊ नये.

पैसे गेले असतील तर उरलेले डबे फेकू नका. डबा, बॅच क्रमांक, यूपीआयचे स्क्रीनशॉट, मशीनची चिठ्ठी, ग्रुपवरचे मेसेज सगळं जपा. आधी लेखी परतावा मागा, व्हॉट्सॲपवर चालेल: ‘अमुक तारखेला तुम्ही दोन महिन्यांत दहा किलो उतरतील असं सांगून अमुक रुपये घेतले. न उघडलेले इतके डबे परत घेऊन पंधरा दिवसांत पैसे द्या, आणि माझ्या मुलाचा फोटो सगळीकडून काढा.’ उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मालाबद्दल संशय असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, मालासाठी भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. ओळखीच्या वहिनीवर तक्रार कशी करायची, या भिडेपायीच बरेच जण गप्प बसतात. तिचं दुकान त्या भिडेवरच चालतं.

आता मुलाचं. आधी बालरोगतज्ज्ञांकडे उंची, वजन, रक्तदाब. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळेपणा असेल तर तो मळ नाही, दगडाने घासू नका. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवा. रात्री जोरात घोरणं, मुलीची पाळी महिनोन्‌महिने न येणं, हेही सांगा. उंची वयाप्रमाणे नीट वाढत असेल तर थायरॉइड हे कारण क्वचितच निघतं, त्यामुळे ‘थायरॉइडच असेल’ म्हणून वाट पाहत बसू नका.

घरात बदल करायचे ते सगळ्यांसाठी. एकट्याच्या ताटात वेगळं वाढलं की बाकीचं सगळं वाया जातं. कळण्याची भाकरी, तुरीचं वरण, वांग्याचं भरीत, पालेभाजी यांत बंद करण्यासारखं काही नाही. हात आखडायचा तो तेलाशी: माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर. शेवभाजी आठवड्यातून तीनदा होत असेल तर एकदा करा, तर्री वरून काढा, आणि त्या दिवशी सगळ्यांनीच मजेत खा. खरी गोम असते संध्याकाळी. पोरगा शाळेतून थेट क्लासला जातो, चार ते आठ पोटात काही नाही, मग चौकातली कचोरी. दप्तरात ३० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू किंवा केळं टाका, निम्मा प्रश्न तिथे सुटतो. कोल्ड्रिंकच्या जागी ताक. झोप ८ ते १० तास. रात्री बारापर्यंत मोबाइल चालला तर भूकही जास्त लागते. खेळ, सायकल, पोहणं, जे आवडेल ते, दिवसाला तासभर. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळी सातच्या आत नाहीतर सूर्य कलल्यावर. पारा ४४ च्या पुढे असताना पोटाला प्लास्टिकचा घामपट्टा बांधून पळवणारे महाभाग आपल्याकडे आहेत. त्याने फक्त पाणी जातं आणि उष्माघात होऊ शकतो.

काटा घरात नसला तरी चालेल, डॉक्टरकडे महिन्या-दोन महिन्यांनी बघतीलच. ‘ढोल्या’, ‘भोपळा’ ही लाडाची नावं आजच बंद, आजीलाही सांगा. कपडे आज बसतील असे घ्या. ‘बारीक झालास की घेऊ’ म्हणून जुन्या घट्ट शर्टात शाळेत पाठवू नका. लग्नात एखादी मावशी ‘किती सुटलाय हा’ म्हणालीच, तर तिथेच, पोराला ऐकू जाईल असं म्हणा: ‘मावशी, त्याच्या अंगावर नको बोलू, तो परवाच्या मॅचमध्ये कसा खेळला ते विचार.’ वजनाबद्दल बोलायचंच असेल तर एकट्याशी, आणि आधी त्याला विचारा की त्याला काय अडतंय. कुणाला धाप लागते, कुणाला वर्गातली चिडवाचिडवी छळते. चिडवण्याचं असेल तर आधी वर्गशिक्षकांना भेटा, आहार नंतर.

शेक सुटल्यावरही मूल ताटावर बसायचं टाळत असेल, जेवून लगेच बाथरूममध्ये जात असेल, उपास वाढवत असेल किंवा ‘मला जगायचंच नाही’ म्हणत असेल, तर वजनाचा विषय पूर्ण थांबवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. शेवटचं वाक्य ऐकलं असेल तर त्याच दिवशी, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.