समुद्राचं पाणी की सांडपाणी: आरओ कशावर चालवायचा?

शहराला पाणी देणाऱ्या आरओ (रिव्हर्स ऑस्मॉसिस, म्हणजे दाब देऊन पाणी पडद्यातून ढकलायचं आणि क्षार मागे ठेवायचे) प्रकल्पाची चर्चा हमखास मेम्ब्रेनवर, म्हणजे त्या पडद्यावर, अडते: कुठली घ्यायची, किती वर्षं टिकेल. खरं तर समुद्राला लावा की सांडपाण्याला, पडदा जवळपास एकाच जातीचा, पॉलिअमाइडचा पातळ थर सुरळीसारखा गुंडाळलेला. प्रश्न त्याच्या तोंडाशी काय येतं, हा आहे.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार. त्याचा परासरण दाबच 27 बारच्या आसपास, म्हणजे तेवढा जोर लावला तरी नुसती बरोबरी होते. पाणी खऱ्या अर्थाने पलीकडे ढकलायला पंप 55 ते 70 बारवर चालवावे लागतात. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून कल्पना करा. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात क्षार बहुधा लिटरमागे ग्रॅमभर किंवा त्याहून कमी, त्यामुळे तिथे याच्या छोट्या हिश्श्यात भागतं. वीजबिलात तेच दिसतं. समुद्राला घनमीटरमागे 3 ते 4 युनिट लागतात, तेही रिजेक्टच्या, म्हणजे पडद्याअलीकडे उरलेल्या खारट पाण्यातला दाब परत वापरून. सांडपाण्याला पुढच्या सगळ्या टप्प्यांसह साधारण एक-दीड. तंत्रज्ञान सुधारेल म्हणून थांबायचं असेल तर एवढं लक्षात घ्या: समुद्राचं निम्मं पाणी गोडं करायला निसर्गाचीच किमान किंमत घनमीटरमागे एक युनिटहून किंचित जास्त आहे.

मग सांडपाणीच घ्यावं? थांबा. समुद्राचं पाणी खारट असलं तरी सरळ आहे. आज जसं, उद्या बहुतेक तसंच. सांडपाणी तासातासाला बदलतं. कुणी गटारात काय ओतलं, ते तुम्हाला मेम्ब्रेनवरच कळतं. वापरून बाद झालेली सुरळी कापून उलगडली की तपकिरी, बुळबुळीत थर हाताला लागतो, न धुतलेल्या माठाच्या आतल्या बाजूसारखा. ते जिवाणू मारायला क्लोरीन टाकावं तर पॉलिअमाइडच खराब होतं, म्हणून सौम्य क्लोरामाइनवर भागवावं लागतं. शिवाय एनडीएमएसारखे (हे कर्करोगाचा धोका असलेलं रसायन) लहान, विद्युतभार नसलेले रेणू पडद्यातून बऱ्यापैकी निसटतात. म्हणून आरओच्या आधी सूक्ष्म गाळण आणि नंतर अतिनील किरणांसोबत हायड्रोजन पेरॉक्साइड, अशी साखळी लागते. समुद्राकडे असा चोर एकच, बोरॉन. पिण्याला फार अडचण नाही, पण तेच पाणी लिंबूवर्गीय झाडांना गेलं तर पानं करपतात.

रिजेक्टचं गणित मात्र उलटं फिरतं. समुद्राच्या 100 लिटरांतून 40-50 लिटर गोडं मिळतं. उरलेलं जवळपास दुप्पट खारट पाणी नीट पसरवून परत समुद्रात सोडता येतं. सांडपाण्यातून 75 ते 85 लिटर मिळतं, रिजेक्ट थोडं, पण त्यात औषधांचे अंश आणि फॉस्फेट साठलेले. किनाऱ्यापासून दूर असाल तर ते टाकायचं कुठे, हाच खर्च प्रकल्प बुडवू शकतो.

आणि माणसं. ऑस्ट्रेलियातल्या टूवुम्बात 2006 मध्ये, दुष्काळ चालू असताना, लोकांनी मतदानात पिण्यासाठी सांडपाण्याच्या पुनर्वापराचा प्रस्ताव फेटाळला. सिंगापूरचं नेवॉटर, म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी, 2003 पासून चालू आहे, पण ते मुख्यतः उद्योगांना जातं. थोडा भाग जलाशयात मिसळतो. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीने 2008 पासून असं शुद्ध केलेलं पाणी जमिनीत मुरवायचा मार्ग धरला. गंमत म्हणजे, नामिबियाची राजधानी विंडहुक 1968 पासून शुद्ध केलेलं सांडपाणी थेट नळाला देतेय, तेही आरओशिवाय.

माझं मत विचाराल तर शहराकडे चालतं मैलाशुद्धीकरण केंद्र असेल तर आधी तिकडे. पाणी गावातच आहे, समुद्रसपाटीवरून चढवावं लागत नाही. पण सांडपाणी नळाच्या पाण्यातूनच येतं. नळ आटला की तेही घटतं. सलग दोन-तीन वर्षं पाऊस दगा देतो अशा ठिकाणी समुद्राला पर्याय नाही, महाग पडला तरी.

निविदा काढण्याआधी केंद्राची वर्षभराची नोंदवही मागवा. रोजचा अमोनिया आणि गढूळपणा एकदा वर, एकदा खाली असेल, तर पहिला पैसा आरओवर नव्हे, त्या केंद्रावर घाला. आणि नोंदवहीच नसेल, तर आकडे मिळेपर्यंत सांडपाण्याचा विषय बाजूला ठेवा.