लातूरचं तेल, दिजोंचं मद्य

लातूरहून सोयाबीन तेलाचा टँकर बिदरला निघाला की वाटेत राज्याची हद्द लागते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, विक्रीकराचे नाके उठले. तेलावरच्या कराचा दर लातूरला आणि बिदरला एकच. युरोपीय संघात मात्र व्हॅट देशागणिक बदलतो. कराच्या बाबतीत आपण पुढं आहोत, हे मी अभिमानानं सांगतो.

नियमांची गोष्ट वेगळी. आपल्या राज्यघटनेचं कलम ३०१ देशभरातला व्यापार मुक्त म्हणतं, पण ३०४(ब) खाली राज्याला सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात; विधेयकाला राष्ट्रपतींची पूर्वसंमती मात्र लागते. तिकडं जर्मनीनं फ्रान्सचं 'कॅसिस द दिजों' हे फळांचं मद्य अडवलं, कारण जर्मन कायद्याला अशा मद्यात किमान २५ टक्के अल्कोहोल हवं होतं. १९७९ साली युरोपीय न्यायालयानं ते मानलं नाही. एका देशात कायदेशीर बनलेला माल दुसऱ्यानं अडवायचा तर आरोग्य, ग्राहकहित असं सबळ कारण त्यानंच दाखवायचं.

छोट्या उत्पादकाला मला हीच वाट जवळची वाटते. आपल्याकडं खाद्यपदार्थांपुरता हा प्रश्न कमी येतो. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानं त्यांची मानकं देशभर एकच आहेत.