हिरव्या वायरीचा देखावा: जुन्या शिडाच्या बोटीच्या अर्थिंगमध्ये झालेली फसवणूक

तुमच्याकडे जुनी शिडाची बोट असेल आणि कोणी "अर्थिंग-बाँडिंग सगळं नवं करून देतो" म्हणत आलं, तर पैसे हातावर ठेवण्याआधी हे वाचा. माझ्याकडून या कामाचे पूर्ण पैसे घेतले गेले, सहीशिक्क्याचा अहवाल दिला गेला, आणि प्रत्यक्षात काम जवळपास झालंच नव्हतं. नुसतं काम झालं नसतं तरी एक वेळ चाललं असतं. पण बोट आधी होती त्याहून धोकादायक करून ठेवली होती. ज्याने हे केलं त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण ती उचलून दुसरा कोणीही वापरू शकतो.

या धंद्यात फसवणं सोपं का आहे, ते आधी कळायला हवं. बोटीवर "अर्थिंग" या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. धक्क्यावरून येणाऱ्या एसी विजेची अर्थ वायर ही पहिली, बॅटरीच्या डीसी वायरिंगचा निगेटिव्ह ही दुसरी. पाण्याखालचे धातू, म्हणजे सी-कॉक (तळातून पाणी आत-बाहेर करणारे व्हॉल्व्ह), प्रोपेलरचा शाफ्ट, सुकाणूचा दांडा वगैरे, एकमेकांना आणि झिंकला (बाकीच्या धातूंऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या ठोकळ्याला) जोडणारं बाँडिंग ही तिसरी. आणि डोलकाठीवर वीज पडली तर ती पाण्यात उतरवायची वाट ही चौथी. या चारही गोष्टी कुठे ना कुठे एकमेकींना भेटतात, सगळ्यांच्या वायरी बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) नाहीतर लॉकरच्या मागे असतात, आणि जुन्या बोटीवर आधीच्या मालकांनी त्यातल्या निम्म्या तोडलेल्या किंवा भलतीकडे जोडलेल्या असतात. मालकाला दिसते ती फक्त हिरवी वायर. ती पुढे कुठे जाते हे पाहायला बोटीचं अर्धं फर्निचर काढावं लागतं. दिसत नाही ते कामच विकायला सोपं जातं.

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याने एक प्रयोग करून दाखवला. स्टीलचा स्क्रू ड्रायव्हर वायरीला बांधून पाण्यात सोडला, मल्टिमीटरची एक काडी त्या वायरीला लावली आणि दुसरी इंजिनला. मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा आला. "साहेब, हे लीकेज आहे. पाणी तुमची बोट खातंय." आकडा खरा होता, अर्थ खोटा होता. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात भिजले की त्यांच्यामध्ये व्होल्टेज दिसणारच. अगदी नव्याकोऱ्या, निर्दोष बोटीवरही दिसेल, कारण तो धातूंचा गुण आहे. समुद्राच्या पाण्यात जस्त साधारण उणे १ व्होल्टला असतं आणि काँसं उणे ०.३च्या आसपास, पण हे आकडे सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या रेफरन्स इलेक्ट्रोडच्या तुलनेतले. तो इलेक्ट्रोड पाण्यात सोडल्याशिवाय घेतलेल्या मोजमापावरून कुठला धातू सुरक्षित आहे आणि कुठला झिजतोय हे कोणालाच सांगता येत नाही. पाण्यात स्क्रू ड्रायव्हर सोडून तुम्हाला कोणी घाबरवत असेल, तर त्याला तिथूनच परत पाठवा.

दुसरी खूण म्हणजे बोटीचा सांगाडा कशाचा आहे हे त्याने विचारलंच नाही. माझी बोट फायबरग्लासची आहे. ती लाकडी असती तरी त्याने तेच काम तसंच सांगितलं असतं. लाकडी बोटीवर सगळं एकत्र जोडून गरजेपेक्षा जास्त झिंक लावलं, तर संरक्षण मिळालेल्या फिटिंगभोवती अल्कली तयार होते आणि आजूबाजूचं लाकूड पांढुरकं पडून भुसभुशीत होतं. सगळं बाँड करावं की चांगल्या काँशाच्या फिटिंग सुट्ट्या ठेवाव्यात, यावर जाणकारांमध्येही प्रामाणिक मतभेद आहेत. ज्याला हा प्रश्नच पडत नाही, त्याला विषय कळत नाही किंवा कळून घ्यायचा नाही.

काम चालू असताना मी बोटीवर नव्हतो. रोज फोटो यायचे. हिरव्या वायरीच्या सरळ रांगा, ठरावीक अंतरावर बांधलेल्या पट्ट्या, वायरीच्या टोकांना चकचकीत लग (बोल्टखाली बसणारी धातूची टोकं). बोटीच्या तळाला बाहेरून एक मोठं नवं झिंक बसवलं. शाफ्टवरची झिंकची कडी त्याने काढून टाकली. आता सगळं बाँडिंगने जोडलंय, त्यामुळे मोठं झिंक शाफ्टलाही सांभाळेल, असं त्याचं म्हणणं होतं. ऐकायला बरोबर वाटतं. पण इंजिन आणि शाफ्टच्या मध्ये रबरी कपलिंग असेल, तर विजेच्या दृष्टीने शाफ्ट तिथेच तुटलेला असतो. कपलिंगवरून तांब्याची पट्टी टाकावी लागते, नाहीतर शाफ्टवर घासणारा ब्रश बसवावा लागतो. त्याने दोन्हींपैकी काहीच केलं नव्हतं.

पुढच्या वेळी बोट पाण्याबाहेर काढली तेव्हा तळाचं झिंक बसवलं तसंच होतं. कडा शाबूत, त्यावर कोरलेली अक्षरं वाचता येत होती. धक्क्यावरच्या एकाने कौतुकही केलं. पण झिंक हे झिजण्यासाठीच लावतात. ते झिजत नाही याचा अर्थ ते कशालाच जोडलेलं नाही, किंवा त्यावर कोणीतरी रंग मारलाय. त्याच वेळी प्रोपेलरच्या पात्यांच्या कडा सोनेरी-पिवळ्या दिसण्याऐवजी गुलाबी दिसत होत्या. चाकूच्या टोकाने जरा खरवडलं तर आतही तोच गुलाबी रंग. छोट्या हातोडीने ठोकलं तर खणखण आवाज येण्याऐवजी ठप्प आवाज आला. प्रोपेलरसाठी जे मँगनीज ब्राँझ वापरतात ते खरं तर पितळच असतं, त्यात भरपूर जस्त असतं. संरक्षण नसेल तर ते जस्त पाण्यात निघून जातं आणि मागे तांब्याची ठिसूळ जाळी उरते. स्टेनलेसच्या शाफ्टवर बसलेला, झिंकची कडी काढलेला प्रोपेलर त्याच मार्गाला लागला होता.

मग मी एका दुसऱ्या जाणकार माणसाला बोलावलं आणि त्याच्या शेजारी बसून एकेक गोष्ट उघडून पाहिली. तळाच्या झिंकच्या बोल्टवर आतून हिरवी वायर होती, पण लग रंगाच्या थरावर आवळलेला होता. धातूला धातू लागलाच नव्हता. तीच वायर पुढे बिल्जच्या फळीखाली जाऊन टेपमध्ये गुंडाळून संपत होती. दुसरं टोक कशालाच नाही. फोटोत दिसणारी ती सुंदर रांग दोन्ही बाजूंनी अधांतरी होती. वायरही घरगुती वायरिंगची, कथिलाचा मुलामा नसलेली. टोकाचं आवरण कापलं तर इतक्या थोड्या काळात तांबं काळं-हिरवं पडून वर चढत गेलेलं. बोटीवर कथिल चढवलेल्या, बारीक तारांच्या लवचिक वायरी वापरतात त्या याच कारणासाठी. बाँडिंगची वायर किमान ८ चौरस मिलिमीटरच्या घरात लागते; ही त्याच्या पावपट होती.

अहवाल पुन्हा काढून वाचला तेव्हा संताप झाला. त्यात प्रत्येक सी-कॉकपासून झिंकपर्यंतचा रोध लिहिलेला होता, सगळीकडे ०.२ ओहम. साध्या मल्टिमीटरच्या दोन काड्या एकमेकींना टेकवल्या तरी साधारण तेवढा आकडा येतो, आणि तो वजा करून खरा रोध काढायचा असतो. ते एक वेळ सोडून देऊ. पण त्या यादीत टॉयलेटच्या सी-कॉकसमोरही ०.२ ओहम लिहिलं होतं, आणि माझ्या बोटीवर तो सी-कॉक प्लॅस्टिकचा आहे. प्लॅस्टिकचा रोध मोजून त्यावर सही करणाऱ्याने मीटर पिशवीतून बाहेर काढलाच नसणार.

इथपर्यंत पैशांचं नुकसान म्हणता येईल. पुढे जे निघालं त्याने मला हे लिहायला लावलं. धक्क्यावरच्या केबलमधून येणारी अर्थ वायर बोटीच्या आत एका जुन्या जोडापाशी कुजून तुटलेली होती. ती बदलायची म्हणजे लॉकर रिकामे करून नवी वायर ओढायची. त्याऐवजी त्याने पॅनलच्या मागे बोटभर लांबीचा एक तुकडा टाकून न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून टाकले होते. असं केलं की सॉकेटमध्ये टेस्टर लावल्यावर तो "सगळं ठीक" दाखवतो. फेज आणि अर्थमध्ये पूर्ण व्होल्टेज येतं. अर्थ असल्याचा भास होतो, पण अर्थ नसतो. खऱ्या अर्थिंगमध्ये एखादं जड उपकरण चालू केलं की न्यूट्रल आणि अर्थमध्ये थोडंसं व्होल्टेज दिसतं. आमच्याकडे काहीही चालू केलं तरी शून्यच राहायचं.

याचा परिणाम काय, तो नीट समजून घ्या. न्यूट्रल वायर कुठे सैल होऊन तुटली, किंवा एखाद्या धक्क्यावर फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असले, की चार्जरची बॉडी, गिझरची टाकी, सगळ्या धातूंवर फेजचं व्होल्टेज येतं. त्यात बोटीची एसी अर्थ इंजिनलाही जोडलेली नव्हती, म्हणून पाण्यात करंट जात नव्हता आणि धक्क्यावरचा लीकेज ब्रेकर कधी पडला नाही. हे इतके दिवस लपून राहिलं ते यामुळेच. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं ई-११ मानक एसी अर्थ आणि डीसी निगेटिव्ह एकमेकांना जोडायला सांगतं. उद्या कोणी चांगल्या हेतूने तसं जोडलं असतं, तर न्यूट्रल थेट पाण्याखालच्या धातूंना लागला असता. गोड्या पाण्यात हे जिवावर बेततं. माणसाचं शरीर गोड्या पाण्यापेक्षा चांगलं वाहक असतं, करंट शरीरातून जातो, स्नायू आखडतात आणि चांगला पोहणारा माणूसही बुडतो. धक्क्यावरच्या विजेसाठी न्यूट्रल आणि अर्थ यांचा जोड किनाऱ्यावरच असावा लागतो, बोटीवर कधीच नाही. जनरेटर, इन्व्हर्टर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बोटीवर असेल तर तो त्या-त्या उगमापाशी असतो, ती वेगळी गोष्ट.

गॅल्व्हानिक आयसोलेटरचेही वेगळे पैसे लावले होते. अर्थ वायरच्या मध्ये बसणारा हा डबा आतल्या डायोडमुळे सव्वा व्होल्टच्या आसपासपर्यंतचा डीसी अडवतो, म्हणजे शेजारच्या बोटीशी तुमच्या बोटीची बॅटरी बनत नाही. दोषाचा एसी करंट मात्र त्यातून जाऊ शकतो. आमचा डबा जड होता, वर लेबल होतं, आत रेझिन ओतलेलं. खऱ्या डब्यातही रेझिन असतं, त्यामुळे उघडून काही कळत नाही. पण वायरी सोडवून मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवला की दोन्ही दिशांनी ०.९ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. आमच्याकडे दोन्ही दिशांनी शून्य आलं. करवतीने कापला तर आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पट्टी. डायोड एकही नाही.

डोलकाठीपासून कीलच्या (तळाखालच्या वजनदार कण्याच्या) बोल्टपर्यंत टाकलेल्या विजेच्या वायरबद्दल फार बोलत नाही. तिथे किमान २१ चौरस मिलिमीटर तांबं लागतं आणि वाट शक्य तितकी सरळ लागते; इथे बारीक वायर काटकोनात वळवत नेली होती. त्यावर वीज पडली तरी काही होणार नाही अशी लेखी हमी दिली होती. अशी हमी जगात कोणीही देऊ शकत नाही. देणारा खोटं बोलतोय.

हे सगळं त्याच्यासमोर ठेवल्यावर तो आधी म्हणाला, समुद्रात असं होतंच. मग म्हणाला, आमच्यानंतर कोणीतरी हात लावला असेल. प्लॅस्टिकच्या सी-कॉकचं विचारल्यावर फोन बंद झाला. तक्रार केली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. अहवाल, फोटो आणि कापलेला डबा मी जपून ठेवलाय. तुमच्या हातातही असा अहवाल असेल तर काहीही फेकू नका, आणि दुरुस्ती करणाऱ्याने जुनं काढण्याआधी त्याचे फोटो घ्या.

आता तपासणी. नवं काम मी शेवटचा हप्ता राखून, माझ्या डोळ्यांसमोर मोजून घेतलं. प्रत्येक फिटिंग ते झिंक एक ओहमपेक्षा कमी रोध आला पाहिजे, आणि काडी मी स्वतः टेकवली. बोट पाण्यात गेल्यावर रेफरन्स इलेक्ट्रोड सोडून झिंक जोडण्याआधीचा आणि नंतरचा आकडा घेतला. नंतरचा किमान २०० मिलीव्होल्टने जास्त उणे झाला तर झिंक खरंच काम करतंय. एसीची तपासणी त्याहून सोपी आहे. केबल धक्क्यावरच्या सॉकेटमधून काढा, इन्व्हर्टर आणि जनरेटर बंद, बोटीवरचा मुख्य स्विच चालू. गॅल्व्हानिक आयसोलेटर असेल तर तात्पुरता त्याला वगळून अर्थ वायर थेट जोडून घ्या, नाहीतर तो आकडा बिघडवतो. केबलच्या प्लगची अर्थ पिन आणि बोटीवरच्या सॉकेटची अर्थ यांमध्ये जवळपास शून्य ओहम हवं. मग त्याच प्लगच्या अर्थ आणि न्यूट्रल पिनांमध्ये मोजा. तिथे जोड दिसता कामा नये. उलट्या पोलॅरिटीचा दिवा (फेज आणि न्यूट्रल उलटे असल्याचं दाखवणारा) असेल तर २५,००० ओहम किंवा त्याहून जास्त दिसेल, ते चालतं. शून्याच्या आसपास काही दिसलं, तर जोड सापडून निघेपर्यंत ती केबल पुन्हा धक्क्याला लावू नका, आणि बोटीच्या आसपास कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका.