फुलपात्रातलं पाणी आणि माझे २३,९१० रुपये

हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्या. बायको हसली, मेहुणा हसला, पोलीस चौकीत तर एकाने शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारून बोलावलं, "ये, ऐक हे." माझे २३,९१० रुपये गेलेत आणि ते मी माझ्या हाताने, माझा पिन टाकून पाठवलेत. आणखी ऐका. मी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांची कंपन चाचणी करतो. कंपन मोजायचा मला पगार मिळतो, आणि मला गंडवलं ते कंपनातच.

घरी रेसिंग सिम्युलेटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर गाडी पळवायचा गेम खेळायचा सांगाडा. लॉजिटेकचं स्टिअरिंग, पेडल, भंगारातून आणलेली मारुतीची सीट आणि फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून घेतलेली चौकट. ज्यांनी चालवलंय त्यांना माहीत आहे, स्टिअरिंगमधून पुढच्या चाकांचं सगळं हाताला कळतं, पण मागच्या चाकांची पकड सुटायला लागली की खऱ्या गाडीत ते आधी बुडाला कळतं. घरातली सीट मढ्यासारखी पडलेली असते. त्यावर इलाज म्हणजे सीटखाली शेकर बसवायचा. आत स्प्रिंगवर टांगलेलं जड लोहचुंबक आणि कॉइल. स्पीकरचाच भाऊ, फक्त कागदी कोन नाही, त्यामुळे हवेऐवजी सीट हलते. सिमहब नावाचं सॉफ्टवेअर गेममधून इंजिनचे आरपीएम, ब्रेक लॉक होणं, कर्बवरचे म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवरचे धक्के उचलतं, त्याचा वीस ते ऐंशी हर्ट्झच्या आसपासचा सिग्नल करतं, तो वेगळ्या साउंड कार्डातून अॅम्प्लिफायरला म्हणजे अॅम्पला आणि अॅम्पमधून शेकरला. हे सगळं मला पाठ होतं. म्हणूनच जास्त जळतंय.

नवीन का नाही घेतलं? बटकिकर या कंपनीच्या शेकरची बाहेरून मागवायची किंमत, त्यावर ड्युटी, त्यावर कुरिअर हे सगळं जोडून बघा आणि मग मला शहाणपणा शिकवा. मुलीची फी भरून झाल्यावर उरलेल्यातून हौस करणारा माणूस जुनंच बघतो. सिम्युलेटरवाल्यांच्या ग्रुपवर एकाने जाहिरात टाकली होती, दोन शेकर, अॅम्प, साउंड कार्ड, रबरी बुश, वायरी, सगळं मिळून २१,५००. फार स्वस्त असतं तर शंका आली असती. भाव अगदी जुन्या मालाला शोभेल असा होता, तिथेच त्याची हुशारी.

आणि बोलणं? "दादा, मी मूळचा कोल्हापूरचाच, नोकरीला बेंगळुरूत. गणपतीला गावी येणार, त्याआधी सामान काढायचंय." मराठी ऐकलं आणि मी विरघळलो. ठग परप्रांतीयच असतात हे आपल्याला कोणी शिकवलं कोण जाणे. आपल्या भाषेत दादा म्हणणारा जास्त खोल कापतो.

५,००० टोकन दिले आणि म्हटलं, उरलेले चालू स्थितीत बघितल्याशिवाय देणार नाही. बघा, एवढी अक्कल होती मला! त्याने व्हिडिओ कॉल केला. असेटो कोर्सा हा रेसिंग गेम चालू, सीटवर पाणी भरलेलं स्टीलचं फुलपात्र, काठाला पोचा आलेलं. गाडी सुटली, पाणी थरथरलं. कर्बवर गेली, थरथरलं. मी खूश.

मग माझ्याशी बोलायला त्याने गेम पॉज केला. पडद्यावर मेनू आला, गाडी जागच्या जागी थिजली आणि पाणी थरथरतच राहिलं. तेवढंच, त्याच चालीने, न थांबता.

मी ते बघितलं. दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण मी विचारलंसुद्धा. "पॉजवर पण हलतंय?" तो म्हणाला, "दादा, बेसला थोडा लॅग असतो." आणि मी, बारा वर्षं व्हायब्रेशन टेबलशेजारी उभा राहणारा माणूस, म्हणालो, "हां, बरोबर." कसला लॅग? गेम थांबला की सिग्नल थांबतो, सिग्नल थांबला की शेकर मेला. कर्बवरचा धक्का आणि सरळ रस्त्यावरची इंजिनची घरघर पाण्यात सारखीच कशी दिसेल? हाच प्रकार कंपनीत ज्युनिअरने केला असता तर मी त्याला सगळ्यांसमोर सोलला असता. पण मला ती वस्तू हवी होती. आधी कोणीतरी दुसरा दहा मिनिटांपूर्वी फोन करून गेलाय असंही त्याने सांगून ठेवलं होतं. १६,५०० त्याच मिनिटाला पाठवले.

दुसऱ्या दिवशी "ट्रान्झिट विमा", १,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण १,७७०, माल पोचला की परत. रीतसर बिल पाठवलं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो. याचा चौदा अक्षरी होता, आणि सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्राचा, बेंगळुरूचं बिल असून. हे मी कधी मोजलं? सगळं झाल्यावर. शिवाय दारात कुरिअरचे ६४०. आधी पैसे आणि ओटीपी, मग खोका उघडायचा, असा त्यांचा नियम.

खोका चांगला जड होता. आत दोन काळ्या चकत्या. मल्टिमीटर लावला. चार ओहमच्या कॉइलचा रोध चारच्या थोडा खाली दिसायला हवा. इथे आकडा दर खेपेला वेगळा. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर चुंबकाची ओढ नाही. एक चकती फोडली. आत मसाज उशीत असते तसली छोटी मोटर, बाकी सगळं वजनासाठी भरलेलं प्लास्टर. अॅम्प म्हणजे डब्यात बसवलेला बारा व्होल्टचा अॅडॉप्टर. नॉब फिरवला की चकती घूंऽऽ करते, गेम चालू असो की कॉम्प्युटर बंद असो.

फोन केला तर म्हणाला, "दादा, चुकून दुसरा खोका गेला, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, रिफंड येईल." इथे मात्र भाचीने फोन हिसकावला. पैसे येताना पिन लागत नाही, कधीच नाही. नंतर नंबर बंद.

आता सरकारी दारं. चौकीत म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, आधी ऑनलाइन भरा. ऑनलाइन भरून प्रिंट नेली तर, "वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग ही दिवाणी बाब झाली." मी ती फोडलेली चकती टेबलावर ठेवली. साहेबांनी विचारलं, "हे बसायच्या जागेखाली लावायचं? कशाला?" मी गाडीचं मागचं चाक, पकड, सगळं समजावलं. हवालदार म्हणाला, "आमच्या जीपमधे फुकट मिळतं की." हशा. माझ्या २३,९१० रुपयांवर हशा! मग, आरोपीचं खातं परराज्यातलं, हद्द आमची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठेही घडला असो, माहिती नोंदवून घ्यायची. हे मी म्हटल्यावर उत्तर आलं, "वकील आहात का?" बँकेत गेलो. पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीने झाला, संरक्षणाचा नियम अनधिकृत व्यवहारांना आहे. समोरचं खातं गोठवा म्हटलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे पत्र मागितलं तर बँकेकडून आधी तपशील आणा. दोन्हीकडे मिळून सहा चकरा, तीन अर्ध्या रजा. कुरिअर कंपनी म्हणते, सील शाबूत होतं, सही तुमची आहे. सही माझीच आहे हो! सगळीकडे सही माझीच आहे!

माझी एक चूक कबूल करतो. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन मी चौथ्या दिवशी केला, लाजेपायी. पहिल्या तासा-दोन तासांत केला तर पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात. लाज नंतर वाटून घ्या.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही सांगाल ते करायला लावा. पॉज कर, ब्रेक लॉक कर, सिमहबमधे एकच इफेक्ट चालू ठेव, अॅम्पला सिग्नल देणारी आरसीए वायर उपट. मल्टिमीटर कॅमेऱ्यासमोर लावायला सांगा. वॅट सांगतो पण ओहम विचारले की विषय बदलतो, त्याला तिथेच सोडा. मला तर "एक हजार वॅट" म्हणाला होता आणि मी ते कौतुकाने ऐकलं. खोका उघडताना लेबलपासून सलग शूटिंग करा. आणि गावात कोणाकडे असेल तर दोनशे-पाचशे जास्त देऊन जाऊन, वर बसून घ्या.

तक्रार अजून "प्रक्रियेत" आहे. चकत्या पुरावा म्हणून जपून ठेवायला सांगितल्या होत्या, त्या मुलीच्या जुन्या दप्तरात आहेत, बघायला कोणी आलेलं नाही.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर जाहिरात आली. नाव वेगळं, नंबर वेगळा, आता तो मूळचा सांगलीचा आहे. व्हिडिओत तेच फुलपात्र, काठाचा पोचासुद्धा तोच. मी खाली लिहिलं तर ग्रुपमधून मलाच काढलं. किंमत मात्र १९,५०० केली आहे.