कॉम्प्युटरवर मोबाइलचं अ‍ॅप: एमुलेटर टाकायचा, की फोनच केबलने जोडायचा?

लातूरच्या ट्यूशन एरियात जून लागला की कॉम्प्युटरच्या दुकानांत एक प्रश्न हमखास येतो: "सर, पोराचे लेक्चर अ‍ॅपवर आहेत, घरी जुना कॉम्प्युटर पडून आहे, त्याच्यावर चालतील का ओ?" परभणी-हिंगोलीकडच्या सेवा केंद्रवाल्यांची अडचण वेगळी असते आणि गेम खेळणाऱ्या पोरांची तिसरीच. पण मिळणारं उत्तर सगळ्यांना सारखंच: "ब्लूस्टॅक्स टाका." माझ्या मते हे उत्तर निम्म्याहून जास्त लोकांच्या कामाचं नाही. एमुलेटर म्हणजे कॉम्प्युटरच्या आत अँड्रॉइड फोन उभा करणारं सॉफ्टवेअर, ब्लूस्टॅक्स त्यातलाच एक. ही जड चीज आहे. आधी ब्राउझर, मग केबल, आणि दोन्हींनी भागलं नाही तरच एमुलेटर, या क्रमाने बघितलं तर बऱ्याच जणांचा एक रविवार वाचेल.

आधी काम कोणतं ते बघा

डिजिटल सातबारा, महाडीबीटीचे अर्ज, डिजिलॉकर, दीक्षा, उमंग, रेल्वेचं तिकीट हे सगळं ब्राउझरमध्ये उघडतं. व्हॉट्सअ‍ॅप वेब तर आता किराणा दुकानातही चालू असतं. यासाठी एमुलेटर टाकणं म्हणजे शेळी बांधायला हत्तीचा साखळदंड.

काही कामं अशी आहेत की ती एमुलेटरवर होणारच नाहीत, त्यामुळे तिथे डोकं लावू नका. यूपीआयचं अ‍ॅप सुरू होताना फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवतं आणि खातं त्या फोनशी बांधून घेतं. एमुलेटरला सिमच नाही. बँकांची बरीच अ‍ॅप्स पुढे जाऊन ‘हे उपकरण खरं आहे का’ हे गुगलच्या प्ले इंटिग्रिटीकडून तपासतात. तिथे एमुलेटर पकडला जातो आणि अ‍ॅप उघडल्या उघडल्या बंद होतं.

दुसरं काम ई-पीक पाहणीचं. २०२१च्या १५ ऑगस्टपासून ती अ‍ॅपवर आली. तिचा सगळा जीव जीपीएस आणि शेतात उभं राहून काढलेल्या फोटोत आहे. एमुलेटरमध्ये लोकेशन हवं ते टाकता येतं, त्यामुळे "केंद्रात बसूनच गावाची पाहणी उरकू" अशी आयडिया कुणी ना कुणी काढतंच. काढू नये. ती नोंद सातबाऱ्यावर चढते, आणि पुढे नुकसानीच्या वेळी सोयाबीनच्या जागी भलतंच पीक निघालं तर निस्तरायला शेतकऱ्यालाच तहसीलला जावं लागतं. बांधावर जायचं, फोटो काढायचा. याला पर्याय नाही.

एमुलेटर आतून काय करतो

विंडोजच्या पोटात एक अख्खा अँड्रॉइड फोन उभा करायचा, म्हणजे त्याला रॅम, प्रोसेसरचे कोअर आणि डिस्क सगळं वेगळं काढून द्यावं लागतं. शिवाय मोबाइलची अ‍ॅप्स मुख्यतः एआरएम प्रोसेसरसाठी बनलेली, आणि आपल्या डेस्कटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडी. साध्या अ‍ॅपला याने फरक पडत नाही. पण ज्यात प्रोसेसरच्या भाषेतला कोड आहे, म्हणजे बहुतेक मोठे गेम, त्यांचं चालता चालता भाषांतर करावं लागतं. पंखा घरघरतो तो याच्यामुळे.

हे सगळं बऱ्या वेगाने व्हायचं तर प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू पाहिजे. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा, खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर ‘एनेबल्ड’ दिसतंय का बघा. ‘डिसेबल्ड’ असेल तर मशीन बंद करून, पुन्हा सुरू होतानाच की दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जावं लागतं. असेंबल केलेल्या मशीनवर बहुधा डिलीट की, एचपीवर एफ-१०. इंटेलच्या बोर्डावर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’ या नावाने ती सापडते. "एमुलेटर लई हँग होतंय" म्हणून येणाऱ्या मशीनवर मी सगळ्यात आधी हेच बघतो.

ब्लूस्टॅक्स आणि त्याचे भाऊबंद

ब्लूस्टॅक्स जुना आणि नावाजलेला. ब्लूस्टॅक्स ५ची किमान मागणी ४ जीबी रॅम आणि ५ जीबी मोकळी डिस्क, शिफारस ८ जीबी रॅम आणि एसएसडीची, म्हणजे वेगवान डिस्कची. किमान मागणी ही लग्नपत्रिकेवरच्या वेळेसारखी असते, छापायची म्हणून छापलेली. ४ जीबीच्या मशीनवर विंडोज १० सुरू होतानाच साधारण निम्मी रॅम खातं. उरलेल्यातून एमुलेटरला दिल्यावर क्रोमची एक टॅब उघडली की माउस अडखळायला लागतो. ८ जीबी आणि एसएसडी असेल तर मात्र ब्लूस्टॅक्स नीट चालतो. सेटिंगमधून रॅम आणि कोअर किती द्यायचे ते ठरवता येतं, आणि मागे चालू राहिला तर कमी खावं म्हणून इको मोडही आहे. फुकट आहे, पण जाहिराती सोसाव्या लागतात.

एलडीप्लेअर, मेमू आणि नॉक्सप्लेअर हे तिघे गेमवाल्यांचे लाडके. एकाच वेळी दोन-तीन खिडक्यांत वेगवेगळी खाती चालवायची तर यांचं मल्टी-इन्स्टन्स चांगलं आहे. अर्थात ते ब्लूस्टॅक्समध्येही आहे. माझ्या हाताला जुन्या मशीनवर एलडीप्लेअर जरा हलका लागला. अशा एमुलेटरसाठी विंडोजचं हायपर-व्ही (व्हर्च्युअलायझेशनची विंडोजची स्वतःची सोय) किंवा ‘मेमरी इंटिग्रिटी’ (सुरक्षेची सोय) बंद करायला सांगितलं जातं. घरच्या गेमच्या मशीनवर तुमची मर्जी. ज्या मशीनवर लोकांचे आधार आणि बँकेची कागदं येतात, तिथे गेमसाठी सुरक्षेची कडी काढून ठेवू नका.

नॉक्सबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. २०२१च्या सुरुवातीला ईसेट या सुरक्षा कंपनीने उघड केलं की नॉक्सच्या अपडेट पोहोचवण्याच्या यंत्रणेत घुसून आशियातल्या काही निवडक लोकांच्या मशीनवर व्हायरस पाठवला गेला होता. लक्ष्य मोजकंच होतं, आणि त्याला आता वर्षं झाली. तरी एमुलेटरमध्ये रोजचा जीमेल टाकू नये याचं यापेक्षा चांगलं कारण मला सांगता येणार नाही. वेगळं खातं काढा आणि त्यानेच प्ले स्टोअर उघडा.

फक्त गेमच खेळायचे असतील तर गुगलचंच ‘गुगल प्ले गेम्स’ विंडोजवर मिळतं. स्वच्छ, भरवशाचं, पण त्यात गेम सोडून दुसरं काही नाही, आणि गेमसुद्धा सगळे नाहीत. त्याला ८ जीबी रॅम, एसएसडी आणि चार कोअरचा प्रोसेसर लागतो. घरात पडून असलेला दोन कोअरचा जुना आय-३ इथेच बाद होतो. आणखी एक: काही गेम एमुलेटरवाल्यांना वेगळ्या गटात खेळवतात, काही खातंच बंद करतात. पैसे भरलेलं खातं असेल तर नियम आधी वाचा.

यूट्यूबवर अजून व्हिडिओ फिरतात, "विंडोज ११मध्ये अँड्रॉइड अ‍ॅप्स, एमुलेटरशिवाय." मायक्रोसॉफ्टने ती सोय २०२१मध्ये आणली आणि ५ मार्च २०२५ला बंद केली. आता कुठल्या तरी साइटवरून ती फाइल आणून टाकण्यात अर्थ नाही.

केबलचा रस्ता

याच्याबद्दल लोकांना फारसं माहीत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. ‘एससीआरसीपीवाय’ (scrcpy) नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, म्हणताना ‘स्क्रीन कॉपी’ म्हणतात. फोन यूएसबीने जोडला की त्याची स्क्रीन मॉनिटरवर येते आणि कॉम्प्युटरच्या माउस-कीबोर्डने फोन चालतो. अ‍ॅप फोनवरच चालत असल्यामुळे कॉम्प्युटरला फक्त चित्र दाखवायचं काम उरतं. ४ जीबीच्या मशीनवरही ते आरामात होतं, बायोसमध्ये हात घालावा लागत नाही, आणि ना जाहिराती, ना नवीन खातं. अँड्रॉइड ५ पासून पुढचा कोणताही फोन चालतो. आवाजही कॉम्प्युटरवर हवा असेल तर अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा लागतो.

जोडायची रीत अशी. फोनच्या ‘अबाउट’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ‘यूएसबी डिबगिंग’ चालू करायचं. केबल लावल्यावर फोन विचारतो, या कॉम्प्युटरला परवानगी द्यायची का, तिथे हो म्हणायचं. शाओमी-रेडमीवर एक जास्तीची गाठ असते: ‘यूएसबी डिबगिंग (सिक्युरिटी सेटिंग्ज)’ हेही चालू केलं नाही तर चित्र दिसतं, पण माउस चालत नाही. आणि केबल डेटाची पाहिजे. एसटी स्टँडबाहेर मिळणारी नुसती चार्जिंगची केबल लावून लोक सॉफ्टवेअरला शिव्या देतात. काम झाल्यावर डिबगिंग बंद करून ठेवा. बँकेची काही अ‍ॅप्स ते चालू दिसलं तरी कुरकुर करतात.

मराठी टाइप करणाऱ्यांना इथे एक अडचण येते. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरून इंग्रजी सरळ जातं, देवनागरी अडतं. नोटपॅडमध्ये मराठी लिहा, कॉपी करा, खिडकीत येऊन कंट्रोल-व्ही मारा. मजकूर उतरतो. शाळेच्या अ‍ॅपमध्ये माहिती भरत बसणाऱ्या गुरुजींना एवढ्यावर बराच आराम पडतो.

आता क्लासच्या लेक्चरचं. इथे एमुलेटर आणि केबल दोन्हींची दांडी उडू शकते, हे मी फी भरायच्या आधीच सांगतो. व्हिडिओ चोरीला जाऊ नये म्हणून बऱ्याच क्लासची अ‍ॅप्स एमुलेटर ओळखून चालूच होत नाहीत. आणि केबलने जोडलं तर अ‍ॅपचा मेनू दिसतो, धड्यांची यादी दिसते, लेक्चरला हात लावला की खिडकी काळी. आवाज येतो, फळा दिसत नाही. अ‍ॅपने ती स्क्रीन ‘सुरक्षित’ म्हणून बांधलेली असते आणि मिररिंगला ती दाखवायची मनाई असते. यावर तोड सांगणारे भेटतात, पण त्या नादात खातं ब्लॉक झालं तर ‘नीट’ परीक्षेच्या वर्षात कुणाच्या दारात जाणार? क्लासवाल्याला प्रवेशाच्या वेळीच विचारा: वेब लॉगिन मिळतं का? पुष्कळ ठिकाणी असतं, पण न विचारता कुणी सांगत नाही. तेही नसेल, तर कॉम्प्युटरचा नाद सोडून टॅबलेट बघा.

राहिलेले दोघे

इंजिनीअरिंगची पोरं अँड्रॉइड स्टुडिओचा एमुलेटर वापरतात. अ‍ॅप बनवायला तोच योग्य, कारण तो गुगलचा आहे आणि हव्या त्या अँड्रॉइडची आवृत्ती देतो. पण स्टुडिओ आणि एमुलेटर दोन्ही मिळून गुगल १६ जीबी रॅम सांगतं. ८ जीबीचा लॅपटॉप असेल तर स्टुडिओ तेवढा चालवा आणि अ‍ॅप तपासायला स्वतःचा फोन केबलने जोडा.

लिनक्सवाल्यांसाठी वेड्रॉइड आहे. एमुलेटरपेक्षा हलकं, कारण ते लिनक्सचाच कर्नल वापरतं. पण वेलँड लागतं, एनव्हिडियाच्या कार्डावर रडतं, आणि एआरएमचं भाषांतर वेगळं बसवावं लागतं. ज्याला हे वाक्य कळलं त्याने जरूर बघावं.

एवढं वाचूनही एमुलेटरच घ्यायचा ठरला, तर क्रम असा ठेवा: आधी एसएसडी, मग रॅम ८ जीबी, मग ब्लूस्टॅक्स, आणि तोही कंपनीच्या मूळ साइटवरूनच. डेस्कटॉपला यूपीएस लावा. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. एमुलेटरचा अख्खा फोन डिस्कवर एका मोठ्या फाइलमध्ये असतो. लिहिता लिहिता वीज गेली की ती फाइल बिघडू शकते, मग आतली अ‍ॅप्स आणि गेम सगळं नव्याने डाउनलोड करत बसावं लागतं, तेही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.